न चाखता रांधलेलं

गेल्या गुरुवारी मी घरात उपयोगी पडलो. म्हणजे असं की ओट्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलेलं एक पातेलं मला दिसलं. फडकं उचललं तर आंबट भपकारा आला, वर बुडबुडे दिसले, आणि काहीतरी नासलंय याबद्दल माझी खात्री पटली. मी ते मोरीत ओतलं, पातेलं घासलं, पालथं घातलं आणि या कर्तबगारीची कोणी दखल घेतं का ते पाहत बाहेर पेपर वाचत बसलो.

दखल घेतली गेली. "अहो, आंबील कुठं गेली?" शोभानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"ते नासलं होतं."

"नासवाचंच असते ते! दोन रात्री झाल्या होत्या ज्वारीच्या कण्या ताकात घालून." मग ती दारात आली, माझ्याकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं आणि डब्यातून पुन्हा ज्वारी काढायला लागली. बायको चिडली तर माणूस निदान बचाव तरी करतो. तिनं मुकाट्यानं ज्वारी निवडायला घेतली, की आपण पेपरमागे अधिकाधिक लहान होत जातो.

तो वास दिवसभर मोरीतून येत राहिला. ताकाचा, ओल्या धान्याचा, पावसाळ्यात न वाळलेल्या सुती लुगड्याचा. बाहेर बुलढाण्याचं ते श्रावणातलं धुकं, समोरच्या घराची गच्ची अर्धी पुसलेली, आणि घरात हा वास. दोन्हींची गाठ पडली की मी तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात जाऊन पोचतो. तेव्हा महिनाभर नाकात बसलेला हा वास मला फडकं उचलताना ओळखू आला नाही, हे माझंच नाक.

त्या वर्षी आमच्याकडे पहिल्यांदा महालक्ष्म्या यायच्या होत्या.

वऱ्हाडात ज्यांच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की दोघी बहिणी तीन दिवस माहेरी येतात, दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण असतं, आणि त्या जेवणाला सगळे भाऊबंद जमतात. पुरणपोळी, सोळा भाज्यांची एक भाजी, कढी, आणि ज्वारीची आंबील, जिच्यावाचून बाकीचं सगळं असून नसल्यासारखं. आमच्या महालक्ष्म्या वर्षानुवर्षं धामणगाव बढ्याला दादांच्या घरी बसत. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. ते गेले आणि मागचं वर्ष सुतकात सुनं गेलं. वहिनींना एकच मुलगी, ती नाशिकला. वहिनी तिच्याकडे राहायला जायच्या होत्या, आणि लेकीच्या सासरी माहेरच्या महालक्ष्म्या काही बसत नाहीत.

दादांच्या वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर नांदुऱ्याचे आप्पाकाका सुपारी कातरत बोलले. काका आमच्या वडिलांचे चुलतभाऊ, घराण्यात आता वयानं सगळ्यांत मोठे. "एक साल सुटलं ते सुटलं. पण लक्ष्म्या अशा अधांतरी ठेवता येत नाही, बाप्पा. ज्याले जमन त्यानं न्याव्या. अन् नसन जमत तं मुखवटे नळगंगेत सोडावे, हात जोडावे, मोकळं व्हावं."

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय लांब केलेले, कारण गुडघे आता मिटत नव्हते. आपल्या घरातल्या देवांच्या विसर्जनाची गोष्ट चाललीय हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, पण पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"आमी बसवू," आतल्या दारातून शोभा म्हणाली.

मला विचारलं नव्हतं. तरी विचारल्यासारखी मी मान हलवली.

काकांनी सुपारी तोंडात टाकली. "बसव ना, सूनबाई. पण ऐंशी पान उठते आपलं. यंदा पाहू कसं होते ते, मंग ठरवू."

हे 'मंग ठरवू' आमच्या घरात त्यानंतर दोन महिने पाहुण्यासारखं राहिलं.

आता अडचण काय, तर शोभा त्या घरात सव्वीस वर्षं धाकटी सून. धाकटीनं त्या दिवशी भाज्या चिरायच्या, नारळ खवायचे, पानं मांडायची, वाढायचं. चुलीपाशी वहिनी एकट्या. तिला आंबिलीचा रंग माहीत होता, चव माहीत होती, पण ती होते कशी हे माहीत नव्हतं. बरं, स्वयंपाकाचं काय, करून पाहिलं की येतं. पण महालक्ष्म्यांचा स्वयंपाक नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचा नसतो. जिभेला लावायचा नाही. पहाटेपासून रांधायला बसलेल्या बाईनं ऐंशी माणसांची कढी, आंबील, भाजी डोळ्यांनी पाहून, नाकानं हुंगून उतरवायची, देवीपुढे ठेवायची, आणि ती कशी झाली हे तिला कळणार पंगती उठल्यावर. सगळ्यांना कळल्यावर.

म्हणून आधी चाखून ठेवायचं ठरलं. श्रावणभर कृती गोळा करायच्या, एकेक करून पाहायची, जमेल ती ठेवायची, नाही ती सोडायची.

मुखवटे आणायला आम्ही दोघं धामणगावला गेलो, तेव्हा शोभानं वहिनींना विचारलं होतं. ती त्यांना बाई म्हणते. "बाई, आंबिलीत मीठ किती टाकता तुमी?"

वहिनी पेटीत साड्या रचत होत्या. एका साडीची घडी मोडून त्यांनी ती पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "पडते तेवढं पडते."

"म्हणजे ओंजळभर? मूठभर?"

"आता कसं सांगू वं?" आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची भिंत होती.

परतीच्या एसटीत पेटी माझ्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "पेटीत काय हाये काका?" मी म्हटलं, "लक्ष्म्या आहेत." तो म्हणाला, "किती?" म्हटलं, "दोघी." "मंग दोन फुल तिकीट लागते," म्हणून तो स्वतःच हसला आणि पेटीला हात लावून तो हात कपाळाला लावून पुढे गेला. शोभा मात्र हसली नाही. राजूर घाटात गाडी धुक्यात शिरली तेव्हा ती काचेकडे बघत म्हणाली, "त्याईले सांगाचंच नाही, असं दिसते."

मला तसं वाटलं नव्हतं. पण काय वाटलं होतं तेही सांगता येत नव्हतं, म्हणून मी पेटीला घट्ट धरून बसलो.

मग गोळा करणं सुरू झालं. आईच्या हातची एक चिठ्ठी मला माझ्याच जुन्या कागदांत सापडली. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली. आई जाऊन तेव्हाच अठ्ठावीस वर्षं झाली होती, शोभानं तिला पाहिलेलंही नाही. तिरकं, घाईचं अक्षर, आणि शेवटी 'मीठ बेताचं'. देऊळघाटच्या मावशीनं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. त्यात मागे बकरी ओरडते, कोणीतरी पाण्याची बादली ठेवतं आणि मावशी म्हणते, "अन् मंग टाकजो मीठ, हाताले समजते बाप्पा." शोभाच्या जुन्या कात्रणांत एक कृती होती, तिच्यात 'मीठ चवीनुसार'. आणि मोबाईलवरची एक बाई प्रत्येक दोन मिनिटांनी हसून सांगत होती, "मैत्रिणींनो, इथे एकदा चाखून बघा हं."

"चाखता आलं असतं तं तुले कायले विचारलं असतं, बाई?" शोभा मोबाईलला म्हणाली आणि तो कणकेच्या डब्यावर उलटा ठेवून दिला.

पन्नाशी उलटेपर्यंत मी हजारदा वाचलेले ते दोन शब्द, चवीनुसार मीठ, त्या श्रावणात पहिल्यांदा नीट पाहिले. पुस्तकातली सगळी कृती तोलून मापून सांगायची आणि नेमकं जिथं भीती आहे तिथं हात वर करायचे! माझ्या कचेरीत कोणी असा अहवाल पाठवला असता तर मी शेरा मारून परत केला असता. मी लिपिक माणूस, उभा जन्म लोकांच्या कागदांतल्या त्रुटी काढण्यात गेला. तेव्हा वही मी केली. चार आंबिली, तीन कढ्या, सोळा भाज्यांचे दोन प्रकार. प्रत्येकापुढे रकाने, आणि शेरे तीनच: मंजूर, फेरसादर, दप्तरी दाखल. हा शेवटचा म्हणजे पुन्हा तोंड पाहायचं नाही.

श्रावणात सोमवार, शनिवार उपासाचे, म्हणून तालमी रविवारी आणि गुरुवारी. शोभानं एक नियम केला, की तालमीतही ती चाखणार नाही. "सवय लागली तं त्या दिवशी हात आपोआप तोंडाकडं जाईन," ती म्हणाली. ती रांधायची, ताटलीत काढायची आणि माझ्यापुढे ठेवायची. म्हणजे देवीच्या जागी मी. नोकरीत इतकी मोठी बढती मला कधी मिळाली नाही, आणि इतकी भीतीही कधी वाटली नाही. कारण ती समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघायची.

मी सवयीनं म्हणायचो, "छान."

"तुमचं छान म्हणजे काय हो? तुमी करपलेल्या भाताले बी छान म्हणता."

हे खरं होतं. सव्वीस वर्षं मी त्या एका शब्दावर काढली होती, आणि ज्या दिवशी तिला माझ्या जिभेची खरीच गरज पडली त्या दिवशी जीभ खोटी नोट निघाली. त्यानंतर तिनं मला बोलायची बंदी केली. आधी वहीत लिहायचं, मग तोंड उघडायचं.

मावशीची आंबील इतकी आंबट की माझा डोळा आपोआप मिटला, दप्तरी दाखल. मोबाईलवरच्या बाईची गुळगुळीत, लापशीसारखी, दप्तरी दाखल. कात्रणातल्या कढीला गूळ फार, फेरसादर. उरलेली आंबील डब्यातून कचेरीत जायची. पहिल्या आठवड्यात सहकाऱ्यांनी आनंदानं खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला की कोणाला बँकेत जायचं असायचं, कोणाला झेरॉक्सला. आमचा शिपाई तेवढा प्रामाणिक. तो लांबूनच विचारायचा, "साहेब, आज काय आंबलं?"

शोभाचं बाकी सगळं जमत चाललं होतं. कढी उतू जायच्या आधी एक बारीक सूं आवाज करते, तो ती पाठमोरी असतानाही ओळखायला लागली. आंबील शिजत आली की तिचे बुडबुडे जड होतात, फदफद करून फुटतात, आणि फुटलेल्या जागी क्षणभर भोक राहतं. ते राहिलं की गॅस बंद. त्या फुटणाऱ्या बुडबुड्यांचे शिंतोडे उडून तिच्या मनगटावर गोल लाल ठिपके पडले होते. विचारलं तर म्हणायची, डास चावला. पुरण शिजल्याचं तिला वासावरून कळायचं, फोडणी आवाजावरून. मीठ तेवढं मुकं. त्याला ना वास, ना रंग, ना आवाज. पातेल्यात पडलं की पडलं, आणि नाही पडलं तरी पातेलं तसंच दिसतं.

मी तेव्हा वहिनींचा विचार करत असे. त्यांच्या हाताला हे कसं कळत असेल? मला धामणगावची पंगत आठवायची. पानं मांडलेली, केवड्याचा वास, उदबत्तीचा धूर दिव्यावर तरंगतोय, मंडळी बसलीत, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभ्या. दरवर्षी तशाच. लोकांनी पहिला घास घेतला की त्या आत वळायच्या. मला वाटायचं, पानं मोजतात. कोणाला काय कमी पडलं ते पाहतात. किती शांत बाई, किती खात्रीची! आणि इकडे माझी बायको, ओट्यापाशी ओठ हलवत उभी. मला वाटलं, स्तोत्र म्हणते. कान दिला तर ती चिमटी मोजत होती.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी रंगीत तालीम केली. पंचवीस माणसांची भाजी, भाड्यानं आणलेल्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कॉलनीत घरोघरी वाटायची. चार माणसांच्या भाजीचं मीठ आमचं पक्कं झालं होतं. पंचवीस माणसांना त्याच हिशेबानं सहापट आणि वर थोडं टाकलं. गंज उतरवला. मला वाटी दिली. मी घास घेतला.

मिठाची गंमत अशी आहे की पदार्थ सहापट झाला म्हणून मीठ सहापट लागतंच असं नाही. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की हा घास गिळता येणार नाही. मी पेन उचललं, ठेवलं. शोभा तोंडाकडे बघतच होती. आणि अशा वेळी तोंडातून जे येऊ नये ते माझ्या तोंडातून आलं. मी म्हटलं, "आपण कधी समुद्रावर गेलो नव्हतो ना? आज झालं."

ती हसली नाही. गंजावर झाकण ठेवलं, हात धुतले, नॅपकिन खुंटीला लावला, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. दोन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, "आपण काकांना फोन करू. मुखवटे परत देऊ."

"परत कोणाला? वहिनींचं घर तर बंद होणार."

"मंग काका म्हणते तसं करू. पाण्यात सोडू." तिचा आवाज अगदी साधा होता. "ऐंशी लोकाईसमोर चुकण्यापरीस बरं."

मला तेव्हा एकही विनोद सुचला नाही. पेटी आमच्या कपाटावर ठेवलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर वहिनींचं ते पांढरं पडलेलं बोट आलं. मी म्हटलं, "फोन करू. पण परवा. तोवर एक उपाय करून पाहू."

उपाय म्हणजे पुड्या. मी तराजू आणला, सोनार वापरतात तसा लहानसा. पुढचे आठ दिवस आम्ही मोठ्या गंजात निव्वळ मिठाचा शोध लावला. आधी कमी, मग थोडं जास्त, दर वेळी तोलून, लिहून. गंज आम्ही परत केलाच नाही. जे मीठ मंजूर झालं ते कागदाच्या पुडीत बांधायचं आणि वर नाव घालायचं: कढी. आंबील. सोळा भाज्या. वरण. आता चाखायची गरजच नव्हती. शोभानं पातेल्यात पुडी रिकामी करायची आणि मी वहीत खूण करायची. इतकं कचेरीसारखं नीटनेटकं काम माझ्या घरात कधी झालं नव्हतं. शोभानं मला शाबासकी दिली नाही, पण त्या रात्रीच्या वरणात तिनं मला जास्तीचं तूप वाढलं.

काकांना फोन झाला नाही.

महालक्ष्म्या आल्या. हळदकुंकवाच्या पावलांवरून शोभानं त्यांना आत आणलं, साड्या नेसवल्या, वर फुलोरा टांगला. वहिनी नाशिकहून लेकीबरोबर आल्या आणि मुखवट्यांकडे खूप वेळ पाहत बसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाकघर सोवळ्यात. मीही सोवळं नेसून उंबऱ्यावर, पुढ्यात पुड्यांचं ताट आणि वही. आत चार शेगड्यांचा रखरखाट, कढईत तेलाचा नाद, आणि शोभाचा आवाज, अगदी कोरडा: "वरण." मी वरणाची पुडी दिली, खूण केली. "आंबील." दिली, खूण केली. "सोळा भाज्या." मी पुडी उचलली, आणि त्याच वेळी बाहेर आप्पाकाकांची जीप थांबली.

घरातला कर्ता म्हणून मला उठणं भाग होतं. सोवळ्याला खिसा नसतो. मी पुडी कनवटीला खोचली, बाहेर गेलो, काकांना लांबूनच नमस्कार केला, प्रवास कसा झाला विचारलं, पायाला पाणी दिलं, परत येऊन बसलो. पेन उचललं. सोळा भाज्या, खूण. आतून शोभानं विचारलंही, "भाजीत मीठ पडलं का हो?" मी वहीत पाहिलं. खूण होती. "पडलं," मी म्हटलं. कचेरीतली बत्तीस वर्षं माझ्या तोंडून बोलली.

नैवेद्य झाला, आरती झाली, पहिली पंगत मांडली. सवाष्णी, मोठी माणसं. शोभानं दाराजवळचं एक पान मांडलं आणि वहिनींचा हात धरून त्यांना तिथं आणलं. काका म्हणाले, "अवं सूनबाई, पहिल्या पंगतीले…" ती म्हणाली, "पान मांडून झालं, काका." काका आपल्या पाटाकडे वळले. वहिनींच्या गुडघ्यांसाठी तिनं पाटाऐवजी बुटकं स्टूल ठेवलं.

मी भाजी वाढायला घेतली. शेवटच्या पानापाशी वाकलो आणि कमरेला काहीतरी टोचलं. कागदाचा कोपरा.

त्या क्षणाचं मी काय सांगू? हातात भाजीचं भांडं, कमरेला तिचं मीठ, पुढे पंचवीस पानं आणि पाठीमागे दारात शोभा, चौकटीला धरून. भांडं ठेवावं, ओरडावं, की पुडी सोडून गुपचूप गंजात टाकावी? पण वाढून तर झालं होतं. मग मला जे सुचलं ते असं की मी पुडी सोडली आणि पानापानातून मीठ वाढत निघालो. "मीठ घ्या, मीठ." पानाच्या कोपऱ्यात मीठ आधीच होतं. काका म्हणाले, "बे, मिठाचा डोंगर करतं का पानात?"

आणि वहिनींनी पहिला घास घेतला. भाजीचाच.

त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पुडीकडे पाहिलं. मग चिमूटभर मीठ उचलून भाजीत कालवलं, अगदी सहज, जणू आमच्या घराण्यात ही भाजी अशीच खातात, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "शोभा, भाजी वाढ वं अजून मले." शेजारच्या सवाष्णीनं त्यांचं पाहून मीठ कालवलं. तिच्या शेजारणीनंही. काकांनी एक घास खाल्ला, थांबले, ओळीकडे नजर टाकली आणि त्यांचाही हात मिठाकडे गेला. भुरके सुरू झाले. आंबील तीनदा फिरली, आणि पुढच्या पंगतींसाठी राखायला चौथी फेरी थांबवावी लागली.

हात धुताना काका मला म्हणाले, "आंबील तं बाप्पा, सरळ धामणगावची झाली." आणि टॉवेलला हात पुसत, दुसरीकडे पाहत, "पुढच्या साली मी दोन दिवस अगोदर येतो. नारळं सोलाले तुह्याकडं माणूस दिसत नाही."

पुढच्या पंगतीही पहिलीचं पाहून भाजीत मीठ कालवतच जेवल्या. शेवटची पंगत उठल्यावर शोभा जेवायला बसली. वहिनी तिच्याजवळ, मी उंबऱ्यावर. पहाटेपासून तिच्या जिभेला काही लागलं नव्हतं. तिनं आधी आंबील खाल्ली, डोळे मिटले. मग भाजी. डोळे उघडले.

"मीठच नाही हिच्यात!"

मी कागद पुढे केला. रिकामा, चुरगळलेला, वर माझ्याच सुरेख अक्षरात 'सोळा भाज्या'.

शोभानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठाचा कोपरा थरथरायला लागला. आता रडते, असं मला वाटलं. तेवढ्यात वहिनी हसल्या. दादा गेल्यापासून आम्ही त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आधी नाकातून, मग पोट धरून, मग डोळे पुसत. "कनवटीले!" त्या म्हणत राहिल्या, "माय वं, कनवटीले!"

हसू ओसरल्यावर त्या भिंतीला टेकल्या. "तू मले विचारलं होतं ना वं, मीठ किती म्हणून," त्या शोभाला म्हणाल्या. "तुले वाटलं असन, बाई सांगत नाही. काय सांगू? मलेच कधी समजलं नाही. सासूबाईनं काही सांगतलं नव्हतं. दरसाली पंगत बसली की दारात उभी राहो अन् पहिल्या घासाले लोकाईचे तोंडं पाहो. पाय कापत माहे. तोंडं बरे दिसले की आत जाऊन बसो. कोणाजवळ बोलाचीच लाज वाटे. इतकी वर्षं झाली, अन् हिले अजून भेव लागते म्हणतीन लोकं."

शोभाचा हात ताटातच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं, वहिनी नाशिकच्या गाडीला लागल्या, घर एकदम मोठं झालं. संध्याकाळी शोभा साड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसून घडीचं दुसरं टोक धरत होतो आणि दर वेळी चुकीचं टोक धरत होतो. तीन साड्या तिनं तशाच चालवून घेतल्या. मग माझ्या हातातलं टोक काढून घेत, माझ्याकडे न पाहता, म्हणाली,

"बाई अठ्ठावीस वर्षं एकट्याच भेत राहल्या हो. आपण तं दोघं होतो."